रक्तात जंतुसंसर्ग, मग हृदयाचा ‘इको’ कशासाठी?

ब्लड कल्चरच्या रिपोर्टमध्ये ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हे नाव आलं की डॉक्टर बहुतेक वेळा टू-डी इको, म्हणजेच हृदयाची सोनोग्राफी करायला सांगतात. छातीत दुखत नसताना हा खर्च कशाला, असं नातेवाइकांना वाटू शकतं. पण उपचार किती दिवस चालणार, हे बऱ्याचदा याच तपासणीवर ठरतं.

धोका नेमका काय?

रक्तातले काही जिवाणू हृदयाच्या झडपेला चिकटतात आणि तिथे गाठ तयार होते. याला ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात. यात झडप निकामी होऊ शकते. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर पक्षाघात होऊ शकतो.

स्टॅफिलोकोकसचा संसर्ग साधा असेल, तर किमान १४ दिवस अँटिबायोटिक्स दिली जातात. झडपेत पोहोचला असेल, तर साधारण ४ ते ६ आठवडे. निदान हुकलं तर औषधं लवकर थांबतात आणि आजार उलटतो.

प्रत्येकाला इको लागतो का?

नाही. लघवीच्या संसर्गातून रक्तात गेलेला ई-कोलाय झडपेवर क्वचितच बसतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस, एंटरोकोकस आणि काही स्ट्रेप्टोकोकस मात्र त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा आधी झालेला एंडोकार्डायटिस असेल, तर धोका वाढतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्णही यात येतात. भारतात त्यांची संख्या मोठी आहे.

रिपोर्ट नॉर्मल, मग काळजी मिटली?

दरवेळी नाही. छातीवरून केलेल्या इकोत मूळ झडपेवरच्या सुमारे ७० टक्के गाठी दिसतात, कृत्रिम झडपेवरच्या जेमतेम निम्म्या. अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या ‘टी-ई-ई’ तपासणीत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जातं. पण त्यासाठी उपाशी राहावं लागतं, गुंगीचं औषध लागतं आणि थोडी जोखीमही असते. म्हणून ‘व्हर्स्टा’सारखे स्कोअर वापरून ती कोणाला गरजेची आहे, हे डॉक्टर ठरवतात. संशय दाट असेल, तर ५ ते ७ दिवसांनी इको पुन्हा केला जातो.

त्यामुळे झडपेचं ऑपरेशन, पेसमेकर किंवा जुना हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि ताप उतरला म्हणून इंजेक्शनचा कोर्स मध्येच सोडू नका.