तटाच्या आतला आक्रोश

नाताळच्या सुमारास येशूच्या जन्माची कथा आपल्याकडील हिंदू घरांतूनही आदराने ऐकली जाते. त्याच धर्मग्रंथाच्या जुन्या करारातील एका प्रकरणाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या ग्रंथाच्या मराठी भाषांतरासाठी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्यातील नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आम्ही आज भाविक वाचकांपुढे ठेवीत आहोत. पुढारीपण पत्करणारा आपल्या लोकांचे काय देणे लागतो, हे इतक्या रोखठोकपणे क्वचितच कोठे आले असेल.

नहेम्या हा इराणच्या अर्तहशश्त बादशहाचा यहूदी प्यालेबरदार. इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास तो सुभेदार होऊन यरुशलेमेस आला आणि नगरीचा पडलेला तट त्याने ५२ दिवसांत उभा केला. शत्रूच्या भयाने ओझी वाहणारे एका हाताने काम करीत व दुसऱ्या हातात शस्त्र धरीत. इतिहासाने हा तट ध्यानात ठेवला. परंतु पुरुष व त्यांच्या स्त्रिया सुभेदारापुढे आक्रोश करीत आल्या तो शत्रूविरुद्ध नव्हे, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध. दुष्काळात पोटाला धान्य हवे म्हणून शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली होती. राजाचा सारा भरण्यासाठी कोणी कर्ज काढले होते. कित्येकांच्या मुली दास्यात गेल्या होत्या आणि त्यांना सोडविण्यास हाती जमीनही उरली नव्हती.

नहेम्याला संताप आला. संताप कोणत्याही पुढाऱ्याला येतो. त्यात विशेष नाही. विशेष हे की त्याने आधी मनाशी विचार केला, मग सावकारी करणाऱ्या सरदारांना दोष दिला, आणि भर सभेत कबूल केले की आपण, आपले भाऊ व आपले चाकरही या लोकांना पैसा व धान्य उसने देत आहोत. ही सावकारी आता आपण सर्वांनीच सोडावी, असे तो म्हणाला. 'तुम्ही सोडा' एवढे म्हणून त्याला सुटता आले असते! शेते, मळे, जैतुनांची बने, घरे आणि घेतलेले व्याज परत देण्याचे सरदारांनी मान्य केले, तेव्हा नुसत्या शब्दावर न विसंबता याजकांना बोलावून त्याने त्यांच्याकडून शपथ घेवविली.

हा वृत्तान्त नहेम्याच्याच तोंडून आलेला आहे, आणि आपले हे सत्कृत्य देवाने स्मरावे असे तो उघड मागतो. स्वभावही त्याचा तापट; पुढे एका वादात आपण काहींचे केस उपटले, हेही तोच सांगतो. आम्ही त्याला संत म्हणणार नाही. दरबारी मनुष्य, गाठीला पैसा, म्हणून हे परवडले, असेही कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. त्याच्या आधीचे सुभेदार काही कंगाल नसावेत; तरी ते लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल रुपे घेत, आणि त्यांचे चाकरसुद्धा लोकांवर धनीपणा गाजवीत. नहेम्याच्या पंगतीला १५० यहूदी व अंमलदार असत, शिवाय परप्रांतीय पाहुणे; तरीही १२ वर्षे त्याने सुभेदारीचा शिधा उचलला नाही. देवाचे भय आणि लोकांवरील जड भार, ही दोनच कारणे त्याने दिली आहेत. त्या कर्जबाजारी नगरीत त्याने स्वतःसाठी जमिनीचा तुकडाही विकत घेतला नाही, आणि त्याचे चाकर तटाच्या कामावर राबत होते.