घरचें यंत्रशास्त्र : होडीचें जुनें यंत्र

पुण्याच्या नदीस वल्ह्यांची ओळख जुनी आहे. संगमाजवळील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा. यंत्राची होडी मात्र पुणेकर कुटुंबास भेटते ती बहुधा सुटींत, कोंकणांतील एखाद्या खाडीवर. तिकडच्या घरीं पडवीच्या कोपऱ्यांत, होडीच्या पाठीमागें अडकविण्याचें आजोबांच्या वेळचें यंत्र, म्हणजे आउटबोर्ड मोटार, गोणपाटांत गुंडाळलेलें असलें, कीं तें भंगारांत द्यावें किंवा दुरुस्त करावें, असा वाद घरांत सुरू होतो. त्याचा निर्णय यंत्राकडूनच घेतां येतो. तो कसा, हें आज पाहूं.

असलीं यंत्रें ओले एव्हिनरूड यानें अमेरिकेंत १९०९ मध्यें विक्रीस आणलीं. इंग्लंडांत १९३१ पासून सीगल यंत्रें निघूं लागलीं. एव्हिनरूड यंत्रांचें उत्पादन २०२० मध्यें थांबलें. तथापि या यंत्रांचा अंतर्भाग आपणांस परका नाहीं. आकुर्डीस १९७२ पासून तयार होऊं लागलेली चेतक स्कूटर ज्यांनीं कुशीवर कलती करून सुरू केली असेल, त्यांना पेट्रोलांत तेल मिसळून चालणारें टू-स्ट्रोक इंजिन ठाऊकच आहे.

अशा इंजिनास तीन गोष्टी हव्यात : दाब, ठिणगी आणि इंधन. परीक्षाही याच क्रमानें करावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार स्क्रू एकदम फिरविले, तर दोष कोणता होता आणि गुण कशानें आला, हें कधींच कळत नाहीं.

प्रथम सुरू करण्याची दोरी हळूहळू ओढावी. हातास विरोध जाणवला, तर दाब आहे. चक्र मुळींच फिरत नसेल, तर बळ लावूं नये; प्लग काढून त्या छिद्रांत थोडें पातळ तेल सोडावें व दोन-चार दिवस धीर धरावा. चक्र फिरूनही विरोध नसेल, तर आंतील कड्या झिजल्या असण्याचा संभव आहे. तेथें खर्चाचा हिशेब आधीं करावा.

ठिणगी पाहण्यापूर्वीं पेट्रोलचें भांडें दूर न्यावें. काढलेला प्लग तारेस जोडून, रबरी मुठीच्या पकडीनें इंजिनाच्या धातूस टेकवावा व दोरी ओढावी. प्लगच्या छिद्रापासून तो लांब असावा. निळी, जोमदार ठिणगी न दिसल्यास प्लग बदलून पाहावा. तरीही न दिसली, तर मॅग्नेटोंतील पॉइंट दमट हवेनें मळले असतील. ते साफ करावेत.

ठिणगी ठीक असूनही यंत्र चालत नसेल, तर दोरी कांहीं वेळां ओढून प्लग पुन्हां काढावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोंचत नाहीं, म्हणून नळी व कार्बुरेटर तपासावा. तो ओलाचिंब असेल, तर पेट्रोल अति झालें आहे. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें व जुन्या रबरास मारक ठरतें. म्हणून काम संपल्यावर तोटी बंद करून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालवावें, म्हणजे कार्बुरेटर रिकामा होतो.

तेलाच्या प्रमाणांत स्कूटरचा अनुभव घातक ठरतो. चेतकला पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल पुरे. जुन्या सीगलच्या कित्येक नमुन्यांना दहास एक लागे. स्कूटरच्या प्रमाणानें तें यंत्र चालविल्यास त्याचे बेअरिंग झिजतात.

यंत्राची चाचणी उघड्यावर, खालचा भाग पाण्याच्या पिंपांत बुडवून घ्यावी. धूर विषारी असतो, आणि पाण्यावांचून इंजिन तापून बिघडतें. थंड करणारें पाणी बाहेर पडतांना दिसलें नाहीं, तर तत्काळ थांबवावें.

शेवटीं एक सूचना. पुष्कळ यंत्रांत पंख्याजवळ एक मऊ पिन असते. पंखा खडकावर आदळला कीं ती तुटते. यंत्र घरघरतें, पण होडी हलत नाहीं. तिच्या जागीं पोलादी खिळा ठोकण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या खडकावर पिनेऐवजीं आंतील दांते तुटतील, आणि तेंही भर खाडींत, मुलेंबाळें होडींत असतांना. योग्य मापाच्या दोन पिना जवळ असाव्यात.

एवढ्या परीक्षांत उतरलेलें यंत्र भंगारांत देऊं नये. मात्र त्याच्या भरंवशावर वल्हीं घरीं ठेवूं नयेत. ओहोटी कोणाच्या दुरुस्तीसाठीं थांबत नाहीं. होडींतील प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचें जाकीट असावें, हें सांगणें नकोच.