गुंड्याभाऊ कुणाचा हुजऱ्या नव्हता

मराठी विनोदी वाङ्मयावर बोलण्यास उभ्या राहिलेल्या वक्त्याला पहिल्या दहा मिनिटांत 'मराठीचे वुडहाउस' हे शब्द उच्चारल्यावाचून राहवत नाही, असा आमचा वीसएक वर्षांचा अनुभव आहे. बेलापूर येथेच, कोकण भवनापासून हाकेच्या अंतरावरील एका सभागृहात भरलेल्या चर्चासत्रात तो पुन्हा आला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चिं. वि. जोशी यांना हा किताब बहाल केला आणि बोलण्याच्या ओघात चिमणराव म्हणजे बर्टी वूस्टर व गुंड्याभाऊ म्हणजे जीव्ज अशी जोडीही लावून टाकली. टाळ्या पडल्या. आम्ही दोघेही तेथे होतो आणि सवयीने दोघांनीही टाळ्या वाजविल्या. स्टेशनपर्यंत चालत येताना मात्र आम्हांला आमचीच लाज वाटू लागली. प्रस्तुत लेख हे त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त समजावे.

आमचे म्हणणे असे की ही तुलना चुकीची आहे, आणि तिची चूक निरुपद्रवी नाही.

आधी चिं. विं.च्या बाजूने. चिमणराव हा पुण्याचा पापभीरू कारकून. काऊ, मोरू, मैना अशा संसारात गुरफटलेला. गुंड्याभाऊ त्याचा नात्यातला भाऊ. शरीराने दांडगा, धाडसाला सदैव तयार. दोघे मिळून एखादा बेत रचतात आणि दोघे मिळूनच खड्ड्यात पडतात. गुंड्याभाऊ चिमणरावाला वर काढत नाही, कारण तोही खालीच असतो. त्याला पगार नाही, त्याच्या अकलेला बाजारभाव नाही. १९७७ ते १९७९ या काळात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत पोहोचविली, तेव्हाही कोणाला त्यांत मालक आणि नोकर दिसले नाहीत. दिसले ते दोन भाऊ. बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने आपल्याच थरातील माणसांची फजिती इतक्या निर्विष प्रेमाने लिहिली की तिला परक्या किताबाची गरजच नाही. 'मराठीचे वुडहाउस' म्हणणे हा गौरव नव्हे. कार्बन कॉपीवर सही करण्याचा तो प्रकार आहे.

आता वुडहाउस. १९१५ साली एका कथेत जीव्ज प्रथम डोकावला आणि १९७४ पर्यंत तो बर्टीच्या सेवेत राहिला. (त्याला 'बटलर' म्हणणारे अध्यापकही आम्ही पाहिले आहेत. बटलर घर सांभाळतो. जीव्ज एका माणसाला सांभाळतो. 'हुजऱ्या' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा.) ही नोकरी सुरू होते तो प्रसंग आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आधीचा हुजऱ्या बर्टीचे रेशमी मोजे चोरतो म्हणून त्याला घालवून दिलेले असते. रात्रीच्या दारूने डोके धरून बसलेल्या बर्टीच्या दारात नवा माणूस उभा राहतो, एक मिश्रण करून देतो आणि बर्टी शुद्धीवर येतो. म्हणजे 'चोरटा नोकर' हा ठसा पहिल्या काही ओळींतच दाराबाहेर काढला जातो, आणि मग अक्कल आत येते.

ही अक्कल फुकट नाही. प्रत्येक संकटनिवारणाची किंमत बर्टीला मोजावी लागते: कधी आवडते मोजे, कधी मिशी, कधी पांढरे जाकीट. 'थँक यू, जीव्ज' या १९३४ सालच्या कादंबरीत तर मालक वाद्य वाजविणे सोडत नाही म्हणून नोकरच राजीनामा देतो. सगळ्या कथा बर्टी सांगतो. अपवाद एकाच कथेचा, जी जीव्जच्या तोंडून येते आणि जिच्यात त्याचा हिशेबीपणा उघडा पडतो. बर्टीने लग्न करू नये हे मालकाच्या हिताचे आहे की आपल्या, हे तो चांगले जाणून असतो. सांगणारा मूर्ख आणि विचार करणारा गप्प, या विषम रचनेवर ही मालिका उभी आहे. वुडहाउस क्रांतिकारक नव्हता, जीव्जला मालकशाही उलथवायची नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. पण अक्कल खालच्या पायरीवर राहते आणि वरच्याला ती विकत घ्यावी लागते, एवढे तो साठ वर्षे न कंटाळता सांगत राहिला.

मराठी विनोदी गद्यात असे कोठे आहे? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे एकाच पंक्तीला बसणारे मित्र. चिमणराव-गुंड्याभाऊ भाऊ. गंगाधर गाडगीळांचा बंडू, त्याची स्नेहलता, त्याचा मित्र नानू. आपला विनोद आडवा चालतो. जिना चढत नाही, उतरत नाही. जेथे उतरतो तेथे काय होते तेही पाहावे. 'एकच प्याला' हे शोकनाट्य खरे, पण त्यातील तळीराम विनोदी पात्र आहे, आणि तो सुधाकराच्या पदरचा कारकून आहे. जीव्ज मालकाची दारू उतरवितो. तळीराम ती चढवितो. हाताखालच्या माणसाची हुशारी आमच्याकडे घराचा नाश करते. पु. ल. देशपांडे तर वुडहाउसचे निस्सीम चाहते. त्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील नामू परीट बुद्धीने लेखकाला सहज भारी पडतो, पण गिऱ्हाइकांचे कपडे अंगावर घालून. म्हणजे बर्टीने ज्या मोजेचोराला घालवून दिले तो आमच्याकडे राहिला, लाडका झाला. जीव्ज मात्र आलाच नाही.

का आला नाही, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि चर्चासत्रात ते कोणी देत नाही. इंग्रज हुजऱ्याची अक्कल मान्य केली तरी तो हुजऱ्याच राहतो. तेथील वर्गव्यवस्थेला तेवढा धक्का सोसवतो. आपल्याकडे गड्याची अक्कल मान्य करणे म्हणजे ज्ञान कोणाच्या घरी जन्म घेते या हजारो वर्षांच्या दाव्यावरच हसणे. ते हसू छापील विनोदाला परवडले नाही.

परंतु ते हसू मराठीत नव्हतेच असे म्हणणे सर्वस्वी खोटे ठरेल. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा नागवितो हे दाखविताना त्यांनी विदूषक रंगभूमीवर आणला. संस्कृत नाटकातील विदूषक राजाच्या बाजूचा असतो. हा खालून बोलतो, आणि मर्मावर बोलतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले आणि ते छापून येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. चिमणराव दूरदर्शनवर लोकप्रियतेच्या शिखरावर होता ते हेच वर्ष. तमाशाच्या वगात तर सोंगाड्याने राजाला आणि प्रधानाला धारेवर धरणे हा रोजचा परिपाठ. १९६५ साली वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके यांचा हवालदार राजासमोर साळसूदपणे उभा राहतो तेव्हा जीव्जचा खरा मराठी आप्त कोण, हे ज्याला डोळे आहेत त्याला दिसते. वरवर आज्ञाधारक, मनातून पुढचे तीन डाव जाणणारा.

मग अभ्यासक्रम काय करतो? चिमणराव 'विनोदी वाङ्मय' या प्रश्नपत्रिकेत आणि वग 'लोकसाहित्य' या दुसऱ्याच प्रश्नपत्रिकेत. फुल्यांचे नाटक 'प्रबोधन' या शीर्षकाखाली, जणू त्यात कोणी हसत नाही. ही वाटणी वाङ्मयप्रकारांची नाही, पंक्तींची आहे. आणि मोकळी राहिलेली मधली जागा बुजविण्यासाठी वुडहाउस वापरला जातो. 'आमच्याकडेही जीव्ज आहे' असे म्हटले की आमच्याकडे तो कोणी लिहू दिला नाही, हे विचारावे लागत नाही.

'विनोदावर जातीचे ओझे कशाला?' हा आक्षेप येणार, येतोच. ओझे आम्ही घातलेले नाही. ते कोण उचलत होते एवढेच आम्ही विचारतो आहोत.

हा प्रश्नही खरे पाहता आमचा नव्हे. वर्गात आम्ही वुडहाउसचा 'ज्युनिअर गॅनिमीड क्लब' समजावून देत होतो. हा हुजऱ्यांचा आणि बटलरांचा क्लब. तेथे एक वही असते आणि प्रत्येक सभासदाने आपल्या मालकाचे वागणे तीत नोंदवायचे, असा नियम. नवी नोकरी धरणाऱ्याला पुढचा मालक कसा आहे ते आधी कळावे म्हणून. बर्टीच्या वाट्याची पाने वाढत वाढत अठरा होतात. वर्ग हसला. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी हसली नाही. ती म्हणाली, "सर, अशी वही आमच्या आईकडे पण आहे. फक्त लिहिलेली नाही." तिची आई बेलापूरमधीलच एका सोसायटीत सहा घरांची पोळीभाजी करते. दुपारी दीड ते तीन या वेळात फाटकाबाहेर बसणाऱ्या बायकांना कोणत्या मजल्यावर पगार वेळेवर मिळतो, कोठे शिळे देतात, कोठे साहेब घरी असताना एकटीने जाऊ नये, हे सगळे तोंडपाठ असते. नवी बाई आली की तिला ते सांगितले जाते.

आम्ही निरुत्तर झालो, आणि त्याला आणखी एक कारण होते. आमच्या दोघांच्याही घरी बाई येते. चिमणराव कारकून होता. त्याचे आजचे वारस कोकण भवनात, सिडको भवनात, आणि अर्थात आमच्यासारखे महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या घरची किल्ली रोज सकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते. आमच्या पिढीने विनोदी लेख काही कमी लिहिले नाहीत: लोकल गाडी, सोसायटीची सभा, बायकोची भिशी. बाई त्यांत येते ती दांडी मारण्यापुरती. ती दांडी मारते, घरात गोंधळ उडतो, वाचक हसतात. तिच्याजवळ आमच्याविषयी किती पाने आहेत याची चौकशी आम्ही केली नाही.

त्या सत्रात आम्ही जीव्जच्या तोंडची ती एकुलती एक कथा, 'तृतीय रत्न' आणि चिमणरावाचा एक लेख असे शेजारी शेजारी वाचून घेतले. अभ्यासक्रमाबाहेर, शनिवारी, जे आले त्यांच्यासह. पंधरा-सोळा जण येत. शेवटी प्रत्येकाने एक विनोदी लेख लिहावा असे ठरले. त्या मुलीने सात पाने आणली, आईच्या तोंडून, एका घरातील गणपतीच्या दीड दिवसांची. घरातल्या प्रत्येकाला प्रसादाच्या मोदकांविषयी पडलेला प्रश्न शेवटी ती बाई कशी सोडविते आणि श्रेय वहिनींना कसे देऊन टाकते, हे वाचताना वर्ग लोळायचा बाकी राहिला. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही दुरुस्त केल्या. दुसरे काही करण्याजोगे नव्हते. तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि हे कोठे छापायला द्यावे का, असे विचारू लागली. द्यावे, असे आम्ही म्हणालो. तिने क्षणभर विचार केला, आणि पहिल्या पानावरचा इमारतीचा आणि फ्लॅटचा क्रमांक आमच्यासमोरच खोडला.