तिजोरी भरली, हिशेब कोण लिहिणार?

९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती देशातील संशोधकांसाठी खुली झाली. सुमारे दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचा हा साठा फरीदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवला आहे. देशातील वीस संस्थांनी मिळून हे काम केले आणि त्यात आपल्या हब्सीगुड्याच्या सीसीएमबीचा मोठा वाटा आहे. दोन दिवस बातम्या आल्या, मग विषय मागे पडला. आम्हाला मात्र बँकेतल्या सवयीने पुढचा प्रश्न पडतो. तिजोरी भरली हे चांगलेच झाले, पण हिशेब कोण लिहिणार?

हा हिशेब लिहिणार आहेत पंचविशी ते पस्तिशीतली मुलेमुली. कोणी पीएच.डी. करत आहे, कोणी ती संपवून पोस्टडॉक म्हणून दोन-दोन वर्षांच्या करारावर काम करत आहे, कोणाला नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आहे. आपल्या सभासदांच्या घरांतही अशी मुले आहेत. त्यांच्या परिषदा आणि मेळावे होतात, तेव्हा घरच्यांना वाटते की चार दिवस फिरायला निघाली. म्हणून या मेळाव्यांत काय चालते आणि त्यावर काय अवलंबून आहे, ते सभासदांपुढे मांडावे असे आम्हाला वाटले.

आधी विषय थोडक्यात. आपल्या शरीरातील पेशीत डीएनएच्या रूपाने जी संपूर्ण नोंद असते, तिला जीनोम म्हणतात. ही नोंद सुमारे तीन अब्ज अक्षरांची आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आम्हाला ती रोजकीर्दीसारखी वाटते. सगळे त्यात लिहिलेले असते, पण खतावणी केल्याशिवाय अर्थ लागत नाही. रोजकीर्द वाचणे आता स्वस्त झाले आहे. २००१ साली एका माणसाचा जीनोम वाचायला सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्च येई, आज तो हजार डॉलरच्या आत येतो. अवघड राहिली आहे ती खतावणी. कोणते अक्षर बदलले की कोणता आजार होतो, कोणते औषध कोणाला चालत नाही, हे शोधायला माणसे लागतात. हे काम शिकायला आठ-दहा वर्षे जातात.

आपल्याकडे या कामाची गरज जास्त का, याचे उत्तर हैदराबादमधूनच मिळाले आहे. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा एक लेख आला. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांतील २८०० हून जास्त लोकांच्या डीएनएचा त्यात अभ्यास होता. त्यांपैकी ८१ गट असे निघाले की ज्यांचे मूळ पूर्वज मोजकेच होते आणि पुढे शतकानुशतके लग्ने समाजातच होत राहिली. त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. म्हणजे समाज कितीही मोठा झाला, तरी मूळ भांडवल थोड्याच घरांचे. अशा समाजात सख्ख्या नात्यात लग्न न करताही एखादा दुर्मीळ दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी, मुलात येऊ शकतो.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. तेलंगण आणि आंध्रातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध काही जणांना सोसत नाही, कारण ते पचवणारे द्रव्य त्यांच्या रक्तात कमी असते. इतरांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे शंभरपट आहे. यात कोणत्याही समाजाला कमीपणा नाही. उलट भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी कल्पना असली, तर तो दुसरे औषध देतो आणि संकट टळते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आपल्या कितीतरी मराठी घरांत होती, इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. पिढ्यान्‌पिढ्या दख्खनमध्ये राहिलेल्या आणि ठरावीक घरांतच सोयरिकी जुळवलेल्या आपल्या लोकांच्या रोजकीर्दीत काय लिहिले आहे, हा प्रश्न म्हणूनच परका नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या २०१७ च्या लेखावर पहिले नाव आहे ते तेव्हा शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याचे. कोविडच्या काळातही तेच दिसले. डिसेंबर २०२० च्या अखेरीस विषाणूचे जीनोम वाचण्यासाठी ‘इन्साकॉग’ हा दहा प्रयोगशाळांचा गट उभा राहिला, त्यात सीसीएमबी होती आणि पुण्याची एनआयव्हीदेखील होती. नावे संचालकांची छापून येतात, पण यंत्रापाशी उभी असतात ती ही तरुण मुले.

अशा नवोदितांसाठी आपल्या देशात ‘इंडिया बायोसायन्स’ ही संस्था २००९ पासून यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग भरवत आहे. ती फक्त जीनोमिक्सची नाही, एकूण जीवशास्त्राची आहे. तिथे नव्याने प्रयोगशाळा सुरू केलेले शास्त्रज्ञ, नोकरीच्या शोधात असलेले पोस्टडॉक, ज्येष्ठ मार्गदर्शक, संस्थांचे संचालक आणि निधी देणाऱ्या संस्थांचे अधिकारी एकत्र येतात. साहित्य संमेलनात नवोदितांचे कविसंमेलन असते, तसा हा प्रकार नव्हे. तिथे नवोदित कोपऱ्यात बसतात, इथे कार्यक्रमच त्यांचा असतो. कोणी दहा-पंधरा मिनिटांत आपले काम मांडतो, कोणी भिंतीवर तक्ता लावून त्याच्याशेजारी उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतो. यालाच पोस्टर म्हणतात.

जीनोमिक्समध्ये हे भेटणे जास्तच मोलाचे आहे, कारण हे काम एकट्याने होत नाही. रुग्णाला तपासणारा डॉक्टर एकीकडे, नमुना वाचणारी प्रयोगशाळा दुसरीकडे, आकडेमोड करणारा संगणकतज्ज्ञ तिसरीकडे. मोठ्या संस्थेतल्या मुलाला हे तिघे एकाच आवारात भेटतात. छोट्या गावातल्या विद्यापीठातली हुशार मुलगी त्यांना अशा मेळाव्यातच भेटू शकते. तिला बोलावणे आले नाही किंवा प्रवासखर्च मिळाला नाही, तर तिचे काम तिथेच अडते.

अशा बैठकांतून किती मोठे निर्णय होतात, याचा दाखला १९९६ चा आहे. मानवी जीनोम प्रकल्पातले शास्त्रज्ञ बर्म्युडा बेटावर जमले आणि वाचलेली अक्षरे चोवीस तासांत जगासाठी खुली करायची, असे त्यांनी ठरवले. त्या प्रकल्पात सहा देश होते, भारत नव्हता. तरीही त्या निर्णयामुळे इथल्या विद्यार्थ्यालाही ती माहिती फुकट मिळाली.

आजच्या नवोदितांपुढचा प्रश्न याहून नाजूक आहे. हजारो व्यक्तींच्या नोंदी आहेत, त्या सरसकट खुल्या कशा करणार? अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीकडून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर ग्राहकांची जनुकीय माहिती हीच विकण्याजोगी मालमत्ता ठरली. आम्ही आयुष्यभर खातेदारांची गुपिते सांभाळली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही, आणि त्यात भावंडांची व मुलाबाळांचीही माहिती असते. जीनोम इंडियाची माहिती अर्ज करणाऱ्या संशोधकांनाच नियमांनुसार मिळते, हे म्हणून योग्यच आहे. पण नियम इतके आवळायचे नाहीत की छोट्या विद्यापीठातल्या मुलीचा अर्ज वर्षभर पडून राहील. हा तोल पुढे याच मुलांना सांभाळायचा आहे, म्हणून मेळाव्यात विज्ञानाइतकीच या विषयाचीही चर्चा व्हायला हवी.

शेवटी पैशाचा मुद्दा, कारण तो टाळून चालणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, सीनियरला ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. तिशीला आलेल्या माणसाला ही रक्कम पुरेशी नाही, आणि ती वेळेवर मिळत नाही म्हणून संशोधक विद्यार्थ्यांनी वारंवार आंदोलने केली आहेत. देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची योजना आहे, पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधी मुख्यतः खासगी उद्योगांना कमी व्याजाने दीर्घ मुदतीचे भांडवल देण्यासाठी आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत. मात्र ताळेबंद वाचणाऱ्याने शीर्षक पाहून थांबू नये. यांतून त्या पोस्टडॉकच्या पुढच्या दोन वर्षांच्या पगाराची सोय आपोआप होत नाही.

मग आपण काय करू शकतो? तीन गोष्टी सुचतात. पहिली, घरातल्या आजारांची नोंद लिहून ठेवा. कोणाला काय झाले, कोणत्या वयात, कोणते औषध सोसले नाही, हे आजी-आजोबांना विचारून घ्या. ही वही तुमच्या डॉक्टरच्या उपयोगी पडेल. दुसरी, कोणी नमुना मागितला तर घाबरून नकार देऊ नका आणि न वाचता सहीही करू नका. माहिती कुठे राहणार, कोण पाहणार, संमती मागे घेता येते का, हे तीन प्रश्न विचारा. कर्जाचे कागद वाचतो तसे संमतीपत्र वाचा. तिसरी, मंडळ दरवर्षी गुणवंतांना बक्षिसे देते, त्यातली काही रक्कम एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवता येईल. रेल्वेचे भाडे आणि तीन दिवसांची राहण्याची सोय एवढ्यानेही एखाद्या मुलीचे पोस्टर भिंतीवर लागू शकते.

आणि घरी अशी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ‘नोकरी कधी लागणार?’ हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवून ‘पोस्टरवर काय लिहिले आहेस?’ असे एकदा विचारून पाहा. ऐकायला वेळ लागेल, पण त्यातला काही भाग आपल्याच घराविषयी असण्याची शक्यता आहे.