ढिगातील दप्तर

संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजे मूल्य. ‘महार्घ’ या शब्दाचे झिजत झिजत ‘महाग’ झाले आणि ‘समर्घ’चे ‘सवंग’. पूर्वी सवंग म्हणजे केवळ अल्प मोलाचे. पुढे त्या शब्दास हलकेपणाचा वास लागला व सभ्य माणसे ‘स्वस्त’ म्हणू लागली. शब्दाची ही उतरंड वर्गात सांगताना आम्हांस मोठी मौज वाटे. परंतु वस्तू स्वस्त होता होता तिच्यामागे धावणारा मनुष्यही सवंग होऊ शकतो, हा पाठ आम्ही सेवानिवृत्तीनंतर शिकलो, आणि तोही नांदेडातील एका दुकानात.

वाचकांनी अशी दुकाने पाहिली असतीलच. रिकामा गाळा किंवा मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे, आत लोखंडी जाळीचे मोठाले पिंजरे मांडावेत आणि त्यांत सदरे, चादरी, डबे, खेळणी यांची रास ओतावी. हंगाम सरल्यावर उरलेला, किंचित डाग अथवा उसवण असलेला, घरपोच मागवून ग्राहकाने परत केलेला असा हा माल असतो. वखारीत पडून राहिला तर भाडे खातो व भांडवल अडकवितो. म्हणून मिळेल त्या भावाने तो काढून टाकणे व्यापाऱ्यास परवडते. घड्या घालणे, निवडणे, दाखविणे यांचा खर्चही वाचतो, कारण ते काम आपण गिऱ्हाइकेच आनंदाने करतो. ढिगातून एखादी वस्तू हाती लागली की ती विकत घेतली असे वाटतच नाही. जिंकून आणली असे वाटते. आमचा घात झाला तो येथेच.

जून महिना होता. शाळा उघडण्यास चार दिवस उरले होते. एका पिंजऱ्यातून निळ्या रंगाच्या दप्तराचा पट्टा डोकावत होता. आम्ही तो धरला. त्याच क्षणी पलीकडून दुसरा पट्टा एका बाईने धरला. अंगावर कामाची साडी, कडेला चार-पाच वर्षांचा मुलगा. दप्तरावर छापील किंमत ८९९ रुपये, वर चिकटविलेली १४९. आम्ही पट्टा सोडला नाही. दोघांनीही क्षणभर ओढले असावे. मग बाईने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि हात काढून घेतला. “घ्या गुरुजी, तुमीच घ्या. लेकराचं बघू पुढं.”

ती आमच्या एखाद्या विद्यार्थिनीपैकी होती, की आमचे रूपच तिला गुरुजींसारखे दिसले, हे आम्हांस कळले नाही. विचारण्याचेही सुचले नाही. आम्ही पैसे दिले आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

घरी नातवाने दप्तर पाहिले व म्हणाला, “आजोबा, माझ्याकडे दोन आहेत की!” सूनबाई काही बोलल्या नाहीत. आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, “मग हे कोणासाठी आणलेत?” ज्याने आयुष्यभर फाटक्या पिशवीत पुस्तके आणणारी मुले पाहिली, त्या मास्तराला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दप्तर घेऊन त्या दुकानापाशी दोन तास उभे राहिलो. बाई दिसली नाही.

या व्यापाराचा एक जुना धडा येथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरी एडवर्ड फायलीन नामक व्यापाऱ्याने १९०९ साली आपल्या दुकानाच्या तळघरात अशीच विक्री सुरू केली. नियम ठरलेला असे : बारा दिवसांत माल खपला नाही तर किंमत चतुर्थांशाने उतरावयाची, अठरा दिवसांनी निम्मी, चोवीस दिवसांनी एक चतुर्थांश, आणि तीस दिवसांनंतर उरेल ते धर्मादाय संस्थांना. हे तळघर २००७ साली बंद झाले. हेच गृहस्थ १९०७ साली हिंदुस्थानात येऊन येथील खेड्यांतील सहकारी पतपेढ्या पाहून गेले होते आणि पुढे आपल्या देशात तशा संस्था उभ्या राहाव्यात म्हणून झटले. त्यांच्या नियमात ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यासाठी शेवटची एक पायरी राखलेली होती. आमच्याकडील पिंजऱ्यांना अशी पायरी नाही; तेव्हा ती गिऱ्हाइकानेच आपल्या मनात राखावयास हवी.

ती राखण्याचा उपाय आम्हांस लातुरात सापडला, किंबहुना पूर्वी पाहूनही उमगला नव्हता. तेथील गंजगोलाई १९१७ साली बांधलेली. मध्ये अंबाबाईचे देऊळ, आणि भोवताली सोळा रस्ते फुटलेले. कोठे सोन्याचे दागिने, कोठे पादत्राणे, कोठे मिरची, कोठे गूळ. तेथे उभे राहिले की कोणत्या रस्त्याने जावयाचे हे आधी ठरवावे लागते, आणि म्हणून काय घ्यावयाचे हेही. त्याच वर्षी वैशाखात आमच्या मंडळी यादी घेऊन गेल्या, मिरची व गूळ घेतला आणि परतल्या. पिंजऱ्यापाशी उलटे होते : वस्तू आधी हाती येते, गरज मागाहून शोधावी लागते.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. छापील किंमत ही उत्पादकानेच ठरविलेली कमाल मर्यादा असते, वस्तूचे खरे मोल नव्हे; म्हणून ‘साडेसातशे वाचले’ हा हिशेब चुकीचा. आम्ही १४९ खर्चिले, एवढेच खरे. पावती मागून घ्यावी. ती न देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरविली आहे. सदोष वस्तू पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही त्याच सदरात येते. खाण्याच्या जिनसांवरील तारीख वाचावी. विजेचे उपकरण चालवून पाहिल्याखेरीज घेऊ नये. आणि ज्याची घरात आज गरज नाही, त्यावरचा हात स्वस्त असले तरी काढून घ्यावा. पलीकडून कोणी तरी गरजेने धरलेले असू शकते.

ते दप्तर आम्ही आमच्या पेठेतील शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन केले. त्यांनी ते कोणास दिले हे विचारले नाही. हल्ली यादी सूनबाई लिहितात. यादीबाहेरचे काही आमच्या हाती दिसले, तर नातू हळूच विचारतो, “आजोबा, हे कोणासाठी?”