विश्लेषण : ‘पोस्ट’चा ‘प्री’ झाला आणि किडा आणखी घातक बनला, एनपीएमवर नेमकं काय घडलं?

सॉफ्टवेअरचे सुटे भाग मिळण्याचं जगातलं सर्वांत मोठं भांडार म्हणजे एनपीएम. तुम्ही रोज वापरता त्या अनेक वेबसाइट आणि ॲप इथल्याच तयार ‘पॅकेज’वर उभ्या असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये या भांडारात स्वतःहून पसरणारा एक किडा शिरला. नाव ‘शाई-हुलूद’, ‘ड्यून’ कादंबरीतल्या वाळूतल्या महाकाय किड्यावरून घेतलेलं. पाचशेहून अधिक पॅकेज बाधित झाली.

२४ नोव्हेंबरला तो पुन्हा उगवला. या वेळी झेपिअर, पोस्टमन, पोस्टहॉग अशा नावाजलेल्या कंपन्यांची पॅकेजही सापडली आणि चोरलेली माहिती गिटहबवर २५ हजारांहून अधिक ठिकाणी उघड्यावर टाकली गेली. नव्या अवतारात बदल बरेच होते. त्यातला सर्वांत बोलका बदल एका शब्दाचा : ‘पोस्टइन्स्टॉल’च्या जागी ‘प्रीइन्स्टॉल’.

या एका शब्दाने काय फरक पडला?

पॅकेज नुसतं डाउनलोड केलं, अजून वापरलं कुठे, असं अनेकांना वाटतं. पण पॅकेज येतानाच स्वतःच्या आज्ञा घेऊन येऊ शकतं आणि त्या तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्याच अधिकाराने चालतात. त्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी प्रीइन्स्टॉल, मग इन्स्टॉल, शेवटी पोस्टइन्स्टॉल. मधे कुठे काही बिघडलं, तर काम तिथेच थांबतं आणि शेवटच्या आज्ञेची पाळी येतच नाही. पंगतीत पहिल्या पानावर बसलेल्याला मात्र वाढप संपायची धास्ती नसते. किड्याने तेच पान धरलं.

पाळी मिळाल्यावर तो चाव्या शोधायचा. गिटहब, एनपीएम आणि क्लाउड सेवांची टोकन बिल्ड करणाऱ्या मशीनवर बहुतेकदा ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणून ठेवलेली असतात, म्हणजे चालू असलेल्या कोणत्याही आज्ञेला सहज दिसतील अशी. एनपीएमची चावी मिळाली, की त्याच माणसाच्या इतर पॅकेजमध्ये किड्याची लागण करून ती पुन्हा प्रकाशित केली जायची. नोव्हेंबरच्या किड्यात तर हाती काहीच लागलं नाही, तर त्या माणसाचं होम फोल्डर पुसण्याची सोय होती. हा निव्वळ सूड.

मग या आज्ञा बंद करता येत नाहीत?

येतात. ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ ही सेटिंग ‘ट्रू’ केली, की पॅकेज बसवताना या आज्ञा चालत नाहीत. पण इथे दुसरा, कमी चर्चेतला क्रम आडवा येतो. एकाच सेटिंगची किंमत अनेक ठिकाणी लिहिता येते आणि ती वेगवेगळी असेल, तर एनपीएम पुढच्या क्रमाने मान देतं : सर्वांत आधी कमांडसोबत दिलेली, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग प्रोजेक्टमधली फाइल, त्यानंतर तुमच्या होम फोल्डरमधली.

म्हणजे तुम्ही होम फोल्डरमध्ये काळजीपूर्वक ‘ट्रू’ लिहून ठेवलं आणि दुसऱ्या कुणाचा प्रोजेक्ट उतरवून घेतला, त्यातल्या फाइलमध्ये ‘फॉल्स’ असेल, तर जिंकतो पाहुणा. एरवी ही सोय रास्तच आहे, प्रत्येक प्रोजेक्टच्या गरजा निराळ्या असतात. सुरक्षेच्या कुलुपाला मात्र हा नियम लावणं आम्हाला पटत नाही.

पीएनपीएम या पर्यायी साधनाने जानेवारी २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीत उलटी वाट धरली : इतर पॅकेजच्या आज्ञा मुळातच बंद, हव्या त्यांना नावानिशी परवानगी. त्याचा त्रासही आहे. ‘पपेटीअर’सारखं पॅकेज याच पायरीवर क्रोम ब्राउझर उतरवतं, ते अडतं. मग वैतागून सरसकट परवानगी देऊन टाकण्याचा मोह होतो.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी या क्षेत्रात असेल, तर ‘एनपीएम कॉन्फिग गेट इग्नोर-स्क्रिप्ट्स’ ही कमांड एकदा होम फोल्डरमध्ये आणि एकदा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये चालवून पाहा. दोन उत्तरं वेगळी आली, तर पॅकेज बसवताना ही सेटिंग थेट कमांडसोबतच द्या. त्या जागेवरून तिला प्रोजेक्टमधली फाइल हटवू शकत नाही.