लाल डगला आणि सीताबर्डीचे बक्षीस

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. आज त्याच्या ३३ दरवाजांसमोर शाळांच्या सहली येतात, छायाचित्रे काढली जातात आणि मुले परततात. शेजारच्या पवनीत कोष्ट्यांचे माग एकेकाळी बारीक सुताचे, रेशीमकाठी कापड विणत असत, हे त्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. ज्या राज्यात ते कापड खपत होते, ते नागपूरकर भोसल्यांचे राज्य एका हिवाळी रात्री विलायती लोकरीचा लाल डगला घातलेल्या पलटणींनी मोडले. ही पलटण कुणाची होती आणि तिने त्या विजयाचे मोल म्हणून काय मागितले, ही कथा तर पाठ्यपुस्तकांतूनही आढळत नाही.

इंग्रजांचा लाल डगला हा १६४५ सालचा. क्रॉमवेलच्या काळात नव्याने उभ्या केलेल्या सैन्याला तो प्रथम सरसकट मिळाला. शिपायाचे रक्त दिसू नये म्हणून लाल रंग निवडला, ही लोकप्रिय समजूत निराधार आहे. खरे कारण वाण्याच्या हिशेबाचे होते. आपल्या मंजिष्ठेच्याच जातकुळीतील एका वनस्पतीच्या मुळापासून हा रंग स्वस्तात निघे. अधिकाऱ्याचा डगला मात्र मेक्सिकोतील किड्यापासून मिळणाऱ्या महाग किरमिजी रंगात बुडवलेला असे. एकाच सैन्यात लाल रंगाच्याही दोन जाती होत्या, हे समतेचे पाठ देणाऱ्या इंग्रजी इतिहासकारांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गोऱ्या पायदळी शिपायाचा थाट असा होता : कमरेपर्यंतचा आखूड डगला, छातीवर एकमेकांना छेदणारे दोन कातडी पट्टे, पांढऱ्या मातीने रोज घासलेले; मान ताठ राहावी म्हणून गळ्याभोवती कडक कातड्याची पट्टी; डोक्यावर धुराड्यासारखी उंच टोपी. केसांची वेणी बांधून तिला पीठ फासण्याची चाल १८०८ साली बंद झाली. कॉलर आणि बाह्यांची दुमड यांचा रंग मात्र प्रत्येक रेजिमेंटचा निराळा. पहिल्या दृष्टीस ही केवळ सजावट वाटते. परंतु काळ्या दारूच्या धुराने रणांगण भरून गेले की शिपायाला आपला माणूस ओळखू येई तो याच रंगावरून. त्या रंगासाठी तो जगे आणि मरेही. हातातील बंदुकीचा नमुनाही मूळचा कंपनी सरकारचा. इंग्लंडच्या राजसैन्याने तो अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीकडूनच उचलला.

हाच डगला हिंदी शिपायाच्या अंगावर चढला. मद्रास इलाख्यात त्याखाली आखूड पांढरा जांघिया आणि पायांत चपला असत, डोक्यावर पागोटे असे. इथवर तडजोड होती. धड साहेबाचे, डोके व कपाळ शिपायाचे. ही तडजोड १८०६ साली मोडली. सेनापती सर जॉन क्रॅडॉक यांच्या कारकिर्दीत नवी नियमावली निघाली. गणवेशात असताना कपाळावर गंध वा जातिचिन्ह लावू नये, कानात बाळी घालू नये, हनुवटी साफ तासावी, मिशाही शक्यतो एकसारख्या असाव्यात. भर म्हणून नव्या घाटाचे पागोटे आले, हॅटसारखे दिसणारे आणि कातड्याचा तुरा लावलेले. कातड्याला हिंदूचाही विटाळ आणि मुसलमानाचीही शंका. मे महिन्यात वेल्लोरच्या एका पलटणीने ते पागोटे डोक्यावर घेण्याचे नाकारले. दोन हवालदारांना प्रत्येकी ९०० फटक्यांची शिक्षा झाली. १० जुलैच्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यातील शिपाई उठले. शंभराहून अधिक गोरे सैनिक मारले गेले. टिपूचे पुत्र त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, म्हैसूरचे निशाणही चढले. अर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन धावला आणि दिवस मावळण्यापूर्वी शेकडो शिपाई कापले गेले.

१८५७ च्या ५१ वर्षे आधीची ही घटना. काडतुसांची चरबी सर्वांना ठाऊक असते, कातड्याचा तुरा क्वचितच कुणाला. कंपनीने मात्र धडा घेतला. नियम मागे घेतले, क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावले. उठाव करणाऱ्या तिन्ही पलटणींचे नाव सैन्याच्या यादीतून खोडून टाकले. त्यांत मद्रासच्या पायदळातील १ ली रेजिमेंट होती. तिच्यातील एकनिष्ठ ठरलेल्या लोकांना घेऊन २४ वी रेजिमेंट उभी झाली. क्रमांक गेला, तसा कॉलरचा रंगही गेला.

अकरा वर्षांनी, १८१७ च्या नोव्हेंबरात, त्याच २४ व्या रेजिमेंटची पहिली पलटण नागपूरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर उभी होती. सोबतीला २० व्या रेजिमेंटची पलटण आणि बंगालच्या ६ व्या घोडदळाच्या तीन तुकड्या. एकूण सुमारे १,३०० ते १,५०० माणसे. समोर आप्पासाहेब भोसल्यांची अठरा हजारांच्या आसपास फौज आणि तीत तीन-चार हजार अरब. २६ च्या सायंकाळी तोंड लागले ते रात्रभर चालले. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली. पारडे फिरण्याचा तो क्षण होता. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी मैदानात मुसंडी मारून तोफा हिसकल्या, टेकडीवर अरबांच्या दारूचा स्फोट झाला, त्या गोंधळात लाल डगल्यांनी संगीन लावून टेकडी परत घेतली. २७ च्या दुपारपर्यंत सारे आटोपले. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. अरब शहरात अडून बसले आणि अटी मान्य करून घेऊन ३० डिसेंबरला बाहेर पडले.

आता मूळ मुद्दा. या विजयानंतर २४ व्या पलटणीने सरकारकडे काय मागितले? जमीन नव्हे, द्रव्य नव्हे. आपला जुना १ ला क्रमांक आणि जुन्या गणवेशाचे रंग परत मिळावेत, एवढेच तिने मागितले. कंपनीने ते आनंदाने दिले. द्यायला खर्च तो काय होता!

याला स्वामिनिष्ठा म्हणून गौरवणारे इंग्रज लेखक पुष्कळ झाले. फितुरी म्हणून थुंकणारे आपल्याकडे आहेत. दोन्ही निवाडे आळशी आहेत. ज्या पलटणीने कपाळाच्या गंधासाठी हत्यार उचलले, तीच अकरा वर्षांत कॉलरच्या रंगासाठी हिंदी राजाविरुद्ध लढली. हा मनुष्यस्वभावाचा हीन प्रकार मानून सोडून देता येत नाही. शिपायाला मान हवा असतो. कुणाचा तरी म्हणून ओळखले जाणे हवे असते. कंपनीने त्याला क्रमांक दिला, रंग दिला, निशाण दिले, महिन्याच्या महिन्याला पगार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन दिले. नागपूरच्या दरबाराने काय दिले? ऐन परीक्षेच्या वेळी त्याची भिस्त समुद्रापलीकडून आलेल्या भाडोत्री अरबांवर होती. ते शूर होते यात वाद नाही. पण एका बाजूस कर्नाटकातले आणि तेलंगणातले तरुण इंग्रजी डगल्यात आणि दुसऱ्या बाजूस परदेशी अरब, अशी ती लढाई. ज्या वैनगंगेच्या खोऱ्यातील धानावर दरबार पोसला, तेथल्या कुणब्या-कोष्ट्याला त्या टेकडीवर आपले असे काही पणाला लागले आहे असे वाटावे, यासाठी दरबाराने कधी काही केले होते काय? महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या, पण त्यांचेही सेनापती युरोपीय. कवायत उसनी आणता आली, तिच्यामागील आपलेपण उसने आणता आले नाही. शिवछत्रपतींच्या मावळ्याला एकसारखा डगला नव्हता, तरी तो कुणाचा हे त्याला आणि शत्रूलाही ठाऊक होते. दीडशे वर्षांत ती ओळख कुठे हरवली, हा प्रश्न इंग्रजांना विचारण्याचा नाही.

आणि लोकर? नागपूरच्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे १८२१ साली वसवलेल्या कामठीच्या छावणीत ती लाल लोकर अंगावर चढवून कवायती होत राहिल्या. पुढे शहाणपण आले तेव्हा इंग्रजांनी धुळीचा रंग पत्करला आणि त्याला नावही इथलेच ठेवले, खाकी. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. दरबारी पागोट्यांचे आणि धोतरांचे गिऱ्हाईक गेले, तसा १ जानेवारी १८७७ पासून नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा वाजू लागला. पवनीच्या मागाला दोन्हीकडून मार बसला.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने देशबांधवांविरुद्ध मिळवलेले युद्धसन्मान मिरवणे सोडून दिले, हे योग्यच झाले. २०२२ साली नौदलाच्या ध्वजावरील इंग्रजी क्रूस उतरून तिथे शिवमुद्रेच्या आकाराची चौकट आली, तेही योग्यच. पण चिन्ह उतरवणे सोपे असते. ते चिन्ह आपल्याच माणसाला इतके प्रिय का झाले होते, याचा शोध अवघड आणि अप्रिय असतो. सीताबर्डीचा किल्ला आज भारतीय सैन्याच्या ताब्यात असून राष्ट्रीय सणांच्या मोजक्या दिवशी सर्वांना खुला होतो. त्या दिवशी तेथे जाणाऱ्या कुटुंबांना टेकडीच्या पायथ्याशी एखाद्या साध्या फलकावर वेल्लोर ते सीताबर्डी हा त्या पलटणीचा प्रवास वाचायला मिळावा. नागपूरच्या अजब बंगल्यात एक लाल डगला आणि त्याच्या शेजारी पवनीचे एक रेशीमकाठी धोतर मांडावे. आणि गोसीखुर्दला सहल नेणाऱ्या गुरुजींनी परतीच्या वाटेवर गाडी अर्धा तास पवनीत थांबवावी.